वेगळं ताट

आई, काल उडदाच्या पापडाच्या दोन लाट्या खाल्ल्या. तुझ्यासारखा अंगठ्याने खळगा करून, त्यात तेल ओतून. सहा महिने डॉक्टरांनी कच्चं काही तोंडात घालू दिलं नव्हतं. आता कीमो संपली. तुला झाला होता तोच रोग मला झाला. तुझा कॅन्सर गर्भाशयाचा, माझा स्तनाचा. बघ, सगळे शब्द लिहिले आणि वरसे गावातल्या या घराचं छप्पर काही खाली आलं नाही.

पेणच्या घरात मात्र तो शब्द कुणी काढायचा नाही असं ठरलं होतं. पोटात उष्णता झालीय, मुंबईला जाऊन लाइट घ्यायला लागेल, एवढंच तुला सांगितलं. ठरवलं बाबांनी, आणि मान डोलावली मी. खोटं बोललं की नन गुडघ्यांवर बसवायच्या त्या शाळेत शिकलेली मी. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. "काय म्हनला गो?" "नीट जेवा म्हणाले." "येवडा येळ बोलला, आनि सांगितलान येवडाच व्हय?" यावर मी तुलाच गप्प केलं. पूर्ण लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतला तर आशा आहे, असं म्हणाले होते ते. हे तुझ्याजवळ कुणी बोललंच नाही.

मग तुझं ताट वेगळं झालं. ते कडेला चेपलेलं पितळेचं. जेवण झालं की तू स्वतः राखेने दोनदा घासायचीस आणि मोरीजवळ पालथं ठेवायचीस. पापड लाटायला शेजारणी बोलवायला आल्या की दारातूनच, "माजा हात नको गो पिठाला." माझी लेक तेव्हा चार वर्षांची. ती लाटीसाठी तुझ्या मांडीवर चढायला आली तर तू तिला हाताने लांब सारलंस. मी वैतागले. म्हटलं, "पुरे झाली ही नाटकं." दुसऱ्या दिवशी तू मुंबईला यायला नकार दिलास. "यष्टीत मानसा असतात," एवढंच म्हणालीस, आणि पुढे कितीही समजावलं तरी उठली नाहीस. निम्मा लाइट राहिला. तू गेल्यावर आम्ही सगळ्यांना सांगितलं, तिला उपचार सोसले नाहीत.

माझ्या वेळी नाव कुणी लपवलं नाही. उलट जो येईल तो "पॉझिटिव्ह राहा" म्हणून चहा पिऊन जायचा. माझा चेहरा हसरा आहे की रडका, हे गाठीला काय कळतंय? मला रडू आलं की लेक टीव्ही लावायची. तिचाही दोष नाही, कंपनीतली शिफ्ट करून येऊन ती तरी काय काय करणार. दुसऱ्या डोसनंतर माझी झोपच उडाली. तिसऱ्याला मी गेलेच नाही, ताप आहे म्हणून कळवलं. हॉस्पिटलमधल्या सिस्टरचा फोन आला. ही आपल्या पेणजवळच्या गडब गावची मुलगी, जिभेने माझ्या तोडीची.

"काकू, ताप किती?"

"थर्मामीटर सापडत नाही."

"मग ताप पन नाय. जेवलात?"

"जेवले. ताट बाजूला ठेवलं."

"बाजूला कशाला?"

हा रोग कुणाला लागत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी चार दिवस मी माझं ताट वेगळं घासून मोरीजवळ पालथं घालत होते. मग मी तिला तुझं सगळं सांगितलं. लाइट, यष्टी, पितळेचं ताट. तिने मध्ये एकदाही धीर दिला नाही, नुसतं ऐकलं. शेवटी म्हणाली, "उद्या या. सुईचं मागनं बगू, आदी आमच्या समुपदेशन करतात त्या बाईंजवळ बसा. आनि ताट पोरीला घासायला द्या. लेक हाय ना, घासू दे की."

दिलं. लेक कुरकुरली, "एवढं एक ताट होतं, तेही जमेना का तुला?" तिची ती कुरकुर मला इतकी गोड लागली. तिसरा डोस आठ दिवस उशिरा लागला, पुढचे सगळे वेळेवर. मन मोकळं केल्याने गाठ विरघळली असलं काही मी म्हणणार नाही. ती औषधाने गेली. पण औषध घ्यायला माणूस घरातून निघावा लागतो.

आता केस परत आलेत, पांढरे आणि कुरळे, तुला हसू आलं असतं. संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने चालून येते, भूक लागते, दोघींची ताटं एकाच घासणीने घासली जातात. बरं चाललंय. हे पत्र पापडाच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली ठेवीन. तू वाचायला शिकलीच नव्हतीस, तेव्हा पाठवायचं तरी कुणाला.

एक राहिलं. तुझ्या मनात काय होतं ते आम्हाला कळलंच नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. मला ताट पालथं दिसलं त्याच दिवशी कळलं होतं. "तुझं कुणाला लागत नाही" एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलले असते तर तू विचारलं असतंस, "काय लागत नाय गो?" म्हणून मी नाटकं म्हटलं.