निजलेल्या लेकराला उठवण्याबाबत

हिंगोली,
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. साधनाताईस,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण बाळंतिणीच्या खोलीत मोबाईल नको हा आईचा हुकूम, आणि अण्णांचा फोन कायम स्पीकरवर. तुझ्याशी बोललेलं मेंढरांनाही कळतं. दुधाच्या गाडीवाले गुलाबचंदकाका रोज सिद्धेश्वरहून इकडे येतात, म्हणून पत्र त्यांच्या हाती देते आहे.

काल अण्णा मोठ्या कौतुकानं सांगत होते, की बाळ रात्रभर एकदाही उठत नाही. ऐकून मला घाम फुटला. ताई, ती जन्मली तेव्हाच जेमतेम सव्वादोन किलोची होती, आता दोनवर आली आहे. पुढच्या फेरीला वजन वाढलेलं दिसलं नाही तर तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागेल आणि तुला बाहेर बाकावर बसावं लागेल, असं वजन करायला येणाऱ्या आशाताईंनी सांगितलं आहे ना? इतक्या लहान जिवाच्या अंगात भुकेनं रडायचंही बळ नसतं. ती झोपते ती पोट भरलं म्हणून नाही, दमली म्हणून. वजन भरेपर्यंत तिला दर तीन तासांनी उठवून पाज, रात्रीसुद्धा. दुपटं सैल कर, तळपाय चोळ, ओल्या फडक्यानं तोंड पूस.

हे मी मनचं सांगत नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे रांगेत उभी राहून विचारून आले. माझ्याजवळ बाळ नाही हे पाहून रांगेतल्या बायका माझ्याकडे फार दयेनं बघत होत्या. असो. मी घरातली पहिली पदवीधर. त्या पदवीचा घराला एवढा तरी उपयोग होऊ दे.

बाळाला पापा. तुझा लोभ आहेच, तो रात्री-अपरात्रीही जागा असावा.

तुझी,
पुनम


सिद्धेश्वर,
६ डिसेंबर

चि. पुनम हिस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. निजलेलं लेकरू सटवाईच्या मांडीवर असतं. सटवाई त्याला खेळवून राहिली म्हणून तर ते झोपेत हसतं. मधूनच ओढून काढलं तर ती रुसती. आणि पुनमला म्हणावं, आमी तुमाला काय घड्याळ लावून वाढवलं व्हय?

शेजारच्या चंद्रभागाकाकू बसल्याच होत्या. त्या म्हणाल्या, असं गुणाचं लेकरू आख्ख्या गल्लीत न्हाई. त्यांचा नातू रुद्र आठ महिन्यांचा होत आला तरी आत्ता कुठं रात्रीचा झोपायला लागलाय. न रडणारी पोर बघायला बायका येतात, कौतुकानं बोटं मोडतात, चहा पिऊन जातात.

आता एक गंमत ऐक. जुळ्यातलं एक कोकरू मलूल झालं होतं. आई रात्रीतून कितीदा तरी उठली, त्याला हलवून जागं केलं आणि मेंढीच्या आचळाला लावलं. सकाळी मी भीतभीत म्हटलं, कोकराला उठवतेस, मग हिला काहून न्हाई? तर आई म्हणाली, कोकराला कुठं सटवाई असती!

यावर तुझ्या पुस्तकात उत्तर असेल तर कळव. आईचं मन मला मोडवत नाही, तुला ठाऊक आहे. पण खरं सांगू का, काल बाळानं दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. ती इतकी गप्प असते की मी मधून मधून तिच्या नाकाजवळ बोट धरून बघते.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती मोजू नये.

तुझी,
ताई


हिंगोली,
८ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाकाजवळ बोट धरण्याचं तुझं वाक्य वाचून मी बी.एड.च्या पुढच्या पाठाचं टाचण अर्धं सोडून खाली बसले. आधीचा पाठ तसाही बुडालाच होता. तू रात्री उठवणार असं धरून तुझ्या सोबतीनं मीही तीन तीन तासांचा गजर लावत होते. त्यामुळे आठवीच्या वर्गापुढे 'झोपेचे आरोग्यातील महत्त्व' शिकवताना मला उभ्या उभ्या डुलकी लागली. परीक्षक म्हणाले, प्रात्यक्षिक चांगलं झालं. खोलीतली निता माझ्याशी बोलत नाही. आणि तू तर उठवतच नाहीस!

ताई, 'गुणाची' या शब्दाची मला भीती वाटायला लागली आहे. तूही गुणाचीच होतीस. आई किती मोठेपणानं सांगते, साधना दिवसभर झोळीत निजायची, कापूस वेचून होईस्तोवर हूं का चूं नाही. माझं रडणं मात्र धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जायचं. पुढेही तेच झालं. नववीतून तुला घरी बसवलं तेव्हा तू काही मागितलं नाहीस. मी जेवण सोडलं, भांडले आणि कॉलेजात गेले. तू गुणाची राहिलीस आणि गुण मला मिळाले. आता ही पोरगी मागत नाही म्हणून गल्ली तिचं कौतुक करते आहे, आणि ती उपाशी आहे.

हे पत्र आईला वाचून दाखव. एक अक्षर गाळू नको. सत्य शांतपणे समोर ठेवलं की माणसाला पटतंच.

राग आला तरी लोभ सोडू नये.

तुझी,
पुनम


सिद्धेश्वर,
११ डिसेंबर

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

कोणतं अक्षर गाळलं ते तुला सांगत नाही. आईला मी पत्र आलं एवढंच सांगितलं. तो 'गुणाची'चा मजकूर मात्र आई शेळ्या सोडायला गेल्यावर मी पुन्हा पुन्हा वाचला.

वाद घालणं मला जमत नाही, म्हणून मी तो घातलाच नाही. सकाळी उठून आईला सांगितलं, की सटवाई स्वप्नात आली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणाली, तुझी पोर उपाशीपोटी खेळायला येती, मांडीवर मलूल पडून राहती, मला बी खेळवू वाटंना. दर तीन तासाला तिला पाजून पाठवत जा.

आईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तिनं एवढंच विचारलं, तीन तास बराबर म्हणली का? मी म्हटलं, बराबर.

पुनम, तेव्हापासून आई मला डोळा लागू देत नाही. बाळाचं दुपटं तीच सोडते, तळपाय तीच चोळते, आणि वर मलाच म्हणते, झोपाळू कुठली, देवीला तकलीफ देतेस! परवापर्यंत बाळ दोन घोटांत निजायचं, आज दोन्ही बाजूंचं प्यायलं आणि वर ढेकर दिला. आई म्हणाली, बघ, सटवाई हसली.

खोटं बोलले, माफ कर. पण प्रेम खरं आहे, ते ठेवून घे.

तुझी,
ताई


हिंगोली,
१३ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाळ प्यायली हे वाचून मी इथे एकटीच नाचले. मग पुढचं वाचलं आणि खाली बसले. ताई, हे तू काय केलंस? ज्या अंधश्रद्धेशी आपण झगडायचं, तिच्याच हाती बाळाची वाटी दिलीस? उद्या आई प्रत्येक गोष्टीला स्वप्नाची वाट पाहील. कारण खोटं असेल तर चांगलं कामही पोकळ राहतं, असं मला मनापासून वाटतं. आईला खरं सांग. मुद्दे मी वेगळ्या कागदावर लिहून पाठवते.

लोभ असावाच, आणि तो डोळस असावा.

तुझी,
पुनम

ता. क. पाजणं मात्र एकदाही चुकवू नको. आणि मुद्द्यांचा कागद वजन भरेपर्यंत आईला दाखवू नको. काल आईनं फोनवर मला विचारलं, देवीचं लुगडं हिरवंच असतं का. मी शिकलेली म्हणून विचारलं. मी हो म्हणाले.


सिद्धेश्वर,
३० डिसेंबर

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

पेढे गुलाबचंदकाकांकडे दिले आहेत. अर्धे ते वाटेत खातील, उरलेले तुझे. बाळ अडीच किलोच्या वर गेलं! काचेची पेटी टळली. अण्णांनी काटा दोनदा बघितला आणि गुपचूप बाहेर जाऊन डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता वजन चांगलं चढून राहिलं, रात्री मुद्दाम उठवायची गरज नाही. भूक लागली की ती स्वतः उठेल. ती उठतेही, आणि अशी ओरडते की तुझी आठवण येते.

पण आई थांबायला तयार नाही. म्हणते, डाक्टरीन मोठी का सटवाई मोठी? बाळ आपलं आपण उठतं, पितं, निजतं. इतक्यात आईची वेळ होते, की पुन्हा तळपाय चोळणं सुरू. वर गल्लीत सगळीकडे सांगून झालंय. चंद्रभागाकाकूंनी त्या धष्टपुष्ट रुद्रलाही उठवायला सुरुवात केली. त्याची आई मला बघून तोंड फिरवते. आता तुझा मुद्द्यांचा कागद चालेल. लवकर पाठव.

तुझ्या लोभाला हल्ली मीही जागीच असते.

तुझी,
ताई


हिंगोली,
२ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद पाठवत नाही. आईला मी फोन केला आणि सगळं कारणांसह समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, माय, तू शिकलेली, तुझं बराबर आसंल, पण तुला कुठं ती येऊन सांगून गेली?

दोन रात्री विचार केला. तत्त्व सोडायचं नाही हे नक्की. पण तत्त्वतःच पाहिलं तर, ज्यानं हुकूम दिला त्यालाच तो मागे घेता येतो. तर ताई, हे लिहिताना मला फार लाज वाटते आहे, पण सटवाईला आणखी एकदा, फक्त एकदाच, तुझ्या स्वप्नात आणता येईल का?

हे पत्र वाचून फाडून टाक. लोभ तेवढा ठेव.

तुझी,
पुनम


सिद्धेश्वर,
४ जानेवारी

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

मी आणलं असतं गं. पण स्वप्न पडायला आधी झोप लागावी लागते, आणि आई मला झोपू देत नाही. काल मी तिला सांगून पाहिलं, देवी आली होती. तर म्हणाली, कधी आली? रातभर तर मी तुला जागीच बघितली.

तेव्हा रविवारी तूच ये. आईशेजारी अंथरूण घालून ठेवते. खुशाल घोरत नीज, आणि सकाळी उठून तुला काय दिसलं ते आईला सांग. पदवीधर पोरीच्या स्वप्नात सटवाई आली म्हटल्यावर आई काय, आख्खी गल्ली मानेल.

लोभ असावा, आणि येताना थोडी झोप बरोबर आणावी.

तुझी,
ताई