जैनथ गाडीच्या ड्रायव्हरचं लढाऊ विमान

५ जानेवारी २०२५, रविवार
वीकली ऑफ. मयूरीनं हैदराबादहून पार्सल पाठवलं. लढाऊ जेटचं किट. प्लास्टिकचे चौऱ्याण्णव तुकडे, रंगाच्या डब्या, एक पुस्तिका. पोरीला माहीत आहे, बाप पायलटच व्हायचा होता. दहावीचं गणित आडवं आलं म्हणून बसवर आला. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे तर वीतभर विमान.
निश्चय: रोज एक तास. २६ जानेवारीला डेपोच्या झेंडावंदनाला टेबलावर मांडायचं.

७ जानेवारी, सकाळी ६.४०
तुकडे कापले. त्यांचे नंबर कोणी मुंग्यांसाठी कोरलेत कोण जाणे. अंदाजानं लावले. अंदाज हीच तर आपली कमाई.

९ जानेवारी
किटमधला वैमानिक हरवला. अर्धा तास जमिनीवर हात फिरवला. शेवटी बायकोला बोलावलं. भागीरथानं दारातूनच सांगितलं, टेबलावर हाये, तुमच्या पुढ्यात. आणखी काही बोलणार होती. मी ड्युटीला निघालो.

११ जानेवारी
जैनथ गावाची ट्रिप. कंडक्टर पंढरी म्हणे, भाऊ, हात दाखवून राह्यली होती ते म्हातारी, तुमी सोडून आले. म्हटलं, उन्हाच्या बाजूला उभं राहिल्यावर कशी दिसणार? लोकांना स्टॉपवर उभं राहायचं वळणच नाही.

१२ जानेवारी, रविवार
पंख बसवले. वैमानिकावरच्या काचेला गोंदाचं बोट लागलं. धुरकट झाली. तीनदा पुसली. भागीरथा म्हणे, आता पुसू नका, पान्यासारखी साफ झाली. मला तर धुरकटच दिसते. तिला बारीक कामातलं कळत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. पाठ गेली. विमान बंद.

१६ जानेवारी
रंग दिला. करडा. भागीरथा म्हणे, एक पंख करडा अन् एक निळा काऊन? दोन्ही डब्या सारख्याच तर आहेत. तिला सांगितलं, फायटरला शेड असते.

१८ जानेवारी
गाडीची पुढची काच खराब. डेपोत सांगितलं. दोनदा धुतली म्हणतात. तिसऱ्यांदा धुवायला लावली, फरक नाही. पंढरी हल्ली तिकिटं झाली की सीटवर बसत नाही, माझ्याजवळ येऊन उभा राहतो. ब्रेकर आला भाऊ, म्हैस हाये भाऊ, असं सारखं चालू. रिटायरमेंट जवळ आली म्हणून माया करत असेल.

१९ जानेवारी, रविवार
तिरंगी चक्रं चिकटवायची होती. पाण्यात भिजवली की कागदावरून सुटतात. एक पंखावर, एक अंगठ्यावर, एक सापडेना. भागीरथाला मदत कर म्हणावं तर ती म्हणाली, मी नाही लावत, आधी डोळे दाखवा. तिला समजावलं की ड्रायव्हरला लांबचं दिसलं की झालं. ती म्हणे, लांबचं दिसते काय? विषय वाढवला नाही. निश्चय: उद्यापासून दोन तास.

२२ जानेवारी
परतीची ट्रिप. कापसाची बैलगाडी. पंढरी ओरडला. ब्रेक मारला. बस थांबली.
वीतभर राहिलं होतं. कापसावर एक बाई लेकरू घेऊन बसलेली. गाडीवान खाली उतरला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
पंढरीला म्हटलं, बैलगाडीला कंदील नव्हता. तो म्हणाला, भाऊ, ऊन पडून हाये अजून.

२३ जानेवारी
विमानाला हात लावला नाही. डेपोत पंढरी भेटला. म्हणाला, तुमची तक्रार नाही करत मी. पन उद्यापासून रजा टाकली. तुमच्या गाडीवर नाही चढत. चौदा वर्षं आम्ही दोघं एका गाडीवर होतो. चहा न घेता गेला.
मीही रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, घरगुती.

२४ जानेवारी
आदिलाबादला डोळ्यांचा दवाखाना. भागीरथा सोबत. डॉक्टरीणबाई भिंतीवरचं अक्षर दाखवून तेलुगूत विचारते, कनबडुतुंदा? दिसतं का? म्हटलं, दिसते. कोणतं अक्षर? आपल्याला तेलुगू वाचायला जड जातं, म्हणालो. तिनं तक्ता पलटला. मागे नुसते आकडे.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला. काम काय करता, विचारलं. भागीरथा माझ्याकडे बघत राहिली. शेती, असं ओठावर आलं होतं. ड्रायव्हर म्हणालो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो. विमान नेलं नाही. मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं, बैलगाडीसकट. त्यांनी ड्युटीचा तक्ता ओढून माझं नाव खोडलं. मग म्हणाले, स्टेअरिंग बंद. ऑपरेशननंतर चौकशीच्या खिडकीत बसा.
घरी येऊन जेवलो नाही. भागीरथाही जेवली नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी १०
काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. घरी येऊन विमान हातात घेतलं. पंख उलटसुलट. रंगात माझेच केस. चाकं शेपटीला. नाकावर क्षेपणास्त्र, तेही वाकडं. भागीरथा आल्यागेल्याला हेच दाखवत होती, आमच्या यांनी केलं म्हणून.
मयूरीचा फोन. पप्पा, दुसरं किट पाठवू का? नको म्हटलं.
थोड्या वेळानं मीच फोन लावला. म्हटलं, डाव्या डोळ्याचं होऊ दे. अन् तुकडे जरा मोठे असलेलं बघ.