डाव्या आरशातला पिवळा दिवा

३ जून
नव्या गाडीत ऑइलची पट्टीच नाही! बॉनेट उघडून दोनदा शोधली. ऑइल बघायचं कशानं? मुलगा हसला — "बाबा, आता ते स्क्रीनवर दिसतं." इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटाही नाही. नुसता लाल दिवा. जन्मभर टॅक्सी चालवली ती काट्याकडे बघून आणि रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून. माझी जुनी गाडी मुलानं मला न विचारता विकली, याचा राग अजून गेलेला नाही.

६ जून
उद्यापासून नातीला, चिमीला, शाळेत मी सोडणार. मीच मागून घेतलं. घरात बसून माणूस गंजतो. सून "बघू" म्हणाली. तिचं "बघू" मला चांगलं ठाऊक आहे.

९ जून
डाव्या आरशातला पिवळा दिवा डोकं खातो. त्या बाजूला कोणी आलं की पेटतो म्हणे. मला तर रस्ता मोकळा दिसतो! चिकटपट्टी लावून टाकली त्यावर.

१२ जून
बाजारापाशी डावीकडे वळताना गाडीनं आपणहून ब्रेक मारला. चिमीचा डबा सांडला, मागच्यानं शिव्या घातल्या. समोर काही नव्हतं. काही नाही! चिमी म्हणते, "आजोबा, सायकलवाल्या काकू होत्या ना!" नव्हत्या. पोरं काय, मनाला येईल ते बोलतात. घरी सांगू नकोस म्हटलं, तर दारातच सांगितलं तिनं.

जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीत बिघाड नसेल तर...?" पुढचं गिळलं. मी ताटावरून उठलो. माझ्यावर संशय? उद्याच वर्कशॉपला नेतो त्या डबड्याला. चिमीला सोडायचं मी थांबवणार नाही!

१३ जून
मेकॅनिकनं कॉम्प्युटर जोडला. सगळं ठीक. "पुन्हा बघ." पुन्हा ठीक. मग मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः डाव्या खिडकीबाहेर जाऊन उभा राहिला. "काका, मान न वळवता समोर बघा. माझा हात दिसतोय?"

"आधी हलव तरी," मी म्हटलं.

मी मान वळवली — हात हलतच होता.

येताना गाडी त्यानं चालवली. भीती वाटली. गाडीची नाही.

१४ जून
दार लावून उजवा डोळा तळहातानं झाकला. भिंतीवरचं घड्याळ दिसेना.

किल्ली सुनेच्या हातात दिली. चिमीला जवळ घेतलं. म्हटलं — होत्या गं. सायकलवाल्या काकू होत्या.