सातवा रकाना

दि. ९ ऑक्टोबर, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. खिडकी क्रमांक तीनवर ‘शाई संपली आहे’ अशी पाटी लावून लिहीत आहे (शाई आहे).

तीर्थरूप मामांना नमस्कार. तो साष्टांग धरावा, खिडकीमागे तेवढी जागा नाही. आपला गुडघा कसा आहे? मामींनी तेल चोळणे सोडले असल्यास पुन्हा सुरू करावे.

आपण मला इथे चिकटवलेत तेव्हा काम कसले ते आपल्यालाही ठाऊक नसावे. पाण्याच्या बिलावर जो नवा निर्वासित कर बसला, तो मी घेतो (ज्याच्याविरुद्ध आपण दर रविवारी नाक्यावर सभा घेता, तोच). लोक कर देतात आणि वर बोलणीही देतात. काल बेकरीवाल्याने चिल्लर एकेक मोजत विचारले, की पाहुणे सरकारचे, मग ताटे माझ्या घरातली का? मी पावती दिली. पावतीत उत्तराला जागा नसते.

निधी भरपूर जमला, पण घ्यायला कोणी पात्र ठरेना. अर्जाच्या सातव्या रकान्यात राहण्याचा पक्का पत्ता लागतो, आणि तंबूला तो नसतो. बावन्न अर्ज मीच लाल शाईने परत केले. शेवटचा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता. पदरी दोन मुली, आणि पंधरा तारखेला तंबू उठणार. त्या म्हणाल्या, “पत्ता असता तर तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते, दादा?” यावर नियम शोधला. नाही.

त्यातच बडे साहेब बजावून गेले, “महिनाअखेर एक तरी कुटुंब दाखव. नाहीतर कर रद्द, खिडकी बंद आणि तू घरी.” म्हणजे बाई आणि मी एकाच फांदीवर. माझा स्वभाव आपण जाणताच, रिकामा रकाना मला बघवत नाही. तो भरला.

मोठ्यांना नमस्कार, गुडघ्याला आराम.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत),
भाचा

ता. क. माडीवरची खोली रिकामी असल्याचे मामींनी कळवले होते. त्यांचे अक्षर सुवाच्य, त्यामुळे पत्ता उतरवताना चूक झालेली नाही. मंडळी गुरुवारी पोहोचतील. मालक कसे आहेत, असे बाईंनी विचारले. निर्वासितांचा विषय त्यांच्या तोंडून सुटत नाही, असे मी सांगितले.

ता. क. २. बाईंची शिवण पक्की आहे. आपल्या सभेचा फलक उसवल्याचे ऐकतो.

ता. क. ३. हिशेब: आपण तीन महिने न भरलेला कर मी भरला (घरमालकाची थकबाकी चालत नाही), छत्तीस रुपये. अर्जाचे तिकीट, पाच. आपल्याकडून येणे एक्केचाळीस. आपल्याला येणे: खोलीचे भाडे, दरमहा बाराशे, याच करातून. नको असल्यास तसा अर्ज खिडकी तीनवर द्यावा.