सहकुटुंब, रविवारी नऊला

शनिवार, २ ऑगस्ट
ठरलं. उद्यापासून आमच्या घरात चर्च पहिलं, बाकी सगळं नंतर. दर रविवारी नऊची उपासना, सहकुटुंब. जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, बरं. चिमणी (इयत्ता तिसरी) म्हणाली, आम्ही जातोच की. नुसतं जाणं आणि प्राधान्य देणं यातला फरक पोरांना कळत नाही. समजावून सांगितला. तोवर भाजी गार झाली.

रविवार, ३ ऑगस्ट
जाता आलं नाही. मी तयार होतो, टायसुद्धा सापडला होता. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. मंगळवारी त्यांची लायसन्सची टेस्ट, आणि चढावर गाडी अजून मागे येते. ड्रायव्हिंग स्कूल चालवणं ही एक सेवा आहे. मागच्या गाडीतल्या माणसाचा जीव वाचवणं हे ख्रिस्ती कर्तव्यच झालं. बायकोला म्हटलं, पाच मिनिटं थांबा, आलोच. दहाला आलो तर दाराला कुलूप. दोघी चालत गेल्या. घरचा माणूस ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, आणि बायको-पोर पायी. मनाला लागलं, पण एक शब्द बोललो नाही. (दुपारी बोललो.)

बुधवार, ६ ऑगस्ट
नियम केला. रविवारी सकाळी क्लास बंद. गाडीच्या बोर्डवर तसं लिहून घ्यायचं होतं. पेंटर म्हणाला, जागा नाही, फोन नंबर पुसावा लागेल. फोन नंबर पुसणं शक्य नाही. नियम मनात ठेवला आहे. मनातले नियम जास्त टिकतात.

रविवार, १० ऑगस्ट
गेलो. म्हणजे गेटपर्यंत. दोघींना सोडलं आणि डॉक्टरीणबाईंना चर्चच्या मागच्याच रस्त्यावर शिकवलं. (टेस्टमध्ये नापास. परीक्षकाने डूख धरला.) मुद्दाम काच खाली ठेवली. सेकंड गिअरला गीत अगदी स्पष्ट ऐकू येतं. मीही गुणगुणलो. हजेरी धरायला हरकत नाही. घरी हे सांगितल्यावर बायकोने विचारलं, आज संदेश कशावर होता? नवऱ्याची अशी उलटतपासणी कोणी घेतं का? या घरात विश्वास नावाची चीज उरलेली नाही.

रविवार, १७ ऑगस्ट
आज नक्की जाणार होतो. मला उठवलंच नाही. बायको म्हणते, तीनदा हाक मारली, तिसऱ्या हाकेला मी म्हणे 'क्लच सोडा' म्हणालो आणि कूस बदलली. याला उठवणं म्हणत नाहीत. ज्याने ही कल्पना घरात आणली त्यालाच पद्धतशीर बाजूला काढण्यात येत आहे.

गुरुवार, २१ ऑगस्ट
चिमणी आपणहून जवळ येऊन बसली. म्हणाली, पप्पा, या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर चर्चला यायचंच. दोनदा म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं (माझ्या). आई कितीही जवळची असली तरी शेवटी लेकीला बाप लागतो. डॉक्टरीणबाईंना तिथल्या तिथे फोन करून रविवार रद्द केला.

रविवार, २४ ऑगस्ट
गेलो. आत.
चिमणीने हात धरून नेलं, स्वतःशेजारी बसवलं. छाती भरून आली. पाळक नवीन आहेत. (बायको म्हणते, दोन वर्षं झाली.) गीतानंतर ते म्हणाले, आज कोणी विशेष आलं असेल तर उभं राहावं. चिमणीने मला कोपर मारलं. वाटलं, कुटुंबप्रमुखांचा सत्कार असणार. उठलो, कोट सारखा केला. पाळकांनी विचारलं, पहिल्यांदाच येताय? मी बायकोकडे पाहिलं. बायको गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. त्यांनी विचारलं, कोणी आणलं आपल्याला? चिमणीने हात वर केला. सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या.
घरी येताना उलगडा झाला. नवा पाहुणा आणणाऱ्या मुलाला संडे स्कूलमध्ये चांदणी मिळते. म्हणजे बाप नको होता, पाहुणा हवा होता. त्यातही मी पहिला नव्हतो. तिने आधी वरच्या मजल्यावरच्या टेलरकाकांना विचारलं होतं. त्यांना लग्नाचे सूट पोचवायचे होते, म्हणून माझा नंबर लागला. पोटच्या पोरीने असा दगा द्यावा. जेवलो नाही. (थोडंच.)

बुधवार, २७ ऑगस्ट
न राहवून चिमणीला विचारलं, पुढच्या रविवारी काय? म्हणाली, तोच पाहुणा परत आणला तर चांदणी देत नाहीत. मग जरा थांबून म्हणाली, पण तुम्ही या, मी जागा धरून ठेवीन. शब्द दिला. बाप शब्दाला जागतो हे तिला दिसू दे.

शनिवार, ३० ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंची फेरपरीक्षा सोमवारी. रडकुंडीला आल्या आहेत. उद्या आठचा क्लास देतो, नऊच्या आत चर्चच्या गेटपाशी उतरतो. टाय गाडीतच ठेवला आहे. चिमणी जागा धरणारच आहे, आणि धरलेली जागा कुठे पळून जात नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट
चढावर गाडी चारदा बंद पडली. चर्चच्या चौकात आलो तर सिग्नल लाल. नऊ वाजत आले होते. समोरून रस्ता ओलांडत बायको, चिमणी आणि मध्ये टेलरकाका, नव्या सुटात. चिमणीने त्यांचं बोट धरलं होतं. तिने मला पाहिलं. हात केला. ओळखीच्या माणसाला करतात तसा. मग टेलरकाकांना काहीतरी सांगितलं, त्यांनीही माझ्याकडे बघून मान हलवली, आणि तिघं गेटातून आत गेले.
उतरता आलं नाही. शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडत नाहीत, कायदा आहे. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, गाडी हलेना. माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझाच पाय होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ओळखीचे आहेत का?
मी म्हटलं, समोर बघा.