मोबाईलमध्ये काका खाली गेले, त्याबाबत

॥ ॐ नमः शिवाय ॥

शिरूर कासार,
घटस्थापनेच्या अलीकडचा सोमवार, २०१४

तीर्थस्वरूप मृत्युंजयदादा यांना,

वीरेशचा वाकून नमस्कार. (मी रागात आहे, पण नमस्काराचा त्याच्याशी संबंध नाही.) तुमची आणि वहिनींची तब्येत चांगली असेल. आत्याचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं जिने चढू नकोस. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त अप्पा जेवत नाहीत, काका बोलत नाहीत आणि मला झोप लागत नाही. हे सगळं तुम्ही केलेल्या वेबसाइटमुळे. आता फोन केला की तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहितो. पत्राला असं सांगता येत नाही.

तुम्ही पुण्यात राहून विसरला असाल, म्हणून आपलं दुकान कसं चालतं ते आधी लिहितो. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणारे मुकादम गंगासागर ट्रेडर्समध्ये ताडपत्री, दोर आणि पाण्याचे ड्रम घ्यायला येतात, तेव्हा त्यांना समोर शेजारी शेजारी दोन गाद्या दिसतात. एकीवर माझे वडील सिद्धलिंगअप्पा, दुसरीवर त्यांचे धाकटे भाऊ सुंदररावकाका. दोन्ही गाद्यांची उंची सारखी, दोन्हीकडे पंखा वेगळा. (मध्यंतरी दोघांत एकच फिरता पंखा घेतला होता. तो कुणाकडे जास्त वेळ थांबतो यावर सगळा उन्हाळा गेला.) बिलावर दोघांची नावं एकाच ओळीत असतात. आजी गेल्यापासून हे असं चाललं आहे, आणि असं आहे म्हणूनच चाललं आहे.

वेबसाइटही तुम्ही आधी याच रीतीने केली होती. वर दुकानाचं नाव, खाली दोघांचे फोटो शेजारी शेजारी. काकांनी बीडच्या नेट कॅफेत फूटपट्टी नेऊन स्क्रीनवर दोन्ही फोटो मोजले होते. कॅफेवाला ओरडला, पण माप सारखं निघालं. घरात त्या दिवशी पुरणपोळी झाली. अडचण एवढीच, की आपल्या गिऱ्हाइकांत कॉम्प्युटर कुणाकडेच नाही, मोबाईल सगळ्यांकडे आहे. मोबाईलवर ती साइट अख्खी यायची, पण मुंगीच्या अक्षरात. ताडपत्री पोस्टाच्या तिकिटाएवढी. दोन बोटांनी ताणून मोठं करावं, तर फोन नंबर कडेने पळून जायचा. म्हणून मीच तुम्हाला म्हणालो, की साइट मोबाईलवर नीट दिसेल असं करा. हे मी नाकारत नाही. पण काकांना खाली घाला असं मी म्हणालो नव्हतो!

तुम्ही चहा पिता पिता काम उरकलं आणि कळवलं, की साइट आता रिस्पॉन्सिव्ह झाली. त्याचा अर्थ मला सटवा मुकादमाकडून कळला. तो भर बाजाराच्या दिवशी मोबाईल नाचवत दुकानात शिरला आणि म्हणाला, "सुंदरअण्णा, तुमी खाली कावून बसलाव? तुमच्यापतोर येईस्तोवर माझं बोट दुखलं की!" काकांनी चष्मा लावून पाहिलं. स्क्रीन अरुंद, म्हणून शेजारचे फोटो एकाखाली एक आलेले. वर अप्पा, आणि अप्पांचं धोतर संपतं तिथून काकांचा फेटा सुरू. काका म्हणाले, "बरं झालं सटवा, दाखवलंस. मी दादाच्या पायाखाली हाय, हे मला ठाऊकच नव्हतं." अप्पा म्हणाले, "यंत्राचं काम हाय ते. एवढं काय त्यात?"

अप्पा असं म्हणाले, म्हणून मी तुम्हाला फोन करून फोटो उलटे करून घेतले. काका वर, अप्पा खाली. त्या दिवसापासून अप्पा जेवत नाहीत. (विचारलं तर म्हणतात, पोटात जागा नाही.) मग तुम्ही नवी शक्कल काढलीत, की फोटो आळीपाळीने सरकतील. दादा, तुमच्या पुण्यात सरकत असतील. आमच्याकडे नेट असं, की पहिला फोटो येतो आणि दुसऱ्याच्या जागी कोरी चौकट राहते. जिवंत माणसाच्या जागी कोरी चौकट पाहून काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. शेवटी तुम्ही म्हणालात, मोबाईल आडवा धरला की दोघे शेजारी येतात. हे मात्र खरं निघालं, आणि त्यानेच घात केला. काकांनी दुकानात पाटी लावली आहे, "आमची वेबसाइट मोबाईल आडवा धरूनच पाहावी." उभा मोबाईल दिसला की ते गिऱ्हाइकाच्या हातातून घेऊन आडवा करतात. सटवाच्या मोबाईलमध्ये चित्र वळतच नाही, म्हणून तो स्वतःच वाकडा होऊन बघत होता. मला म्हणाला, "मी ताडपत्री घ्यायला आलो का मान मोडून घ्यायला, बे?" आणि समोरच्या दुकानात गेला. टोळीची सगळी खरेदी तिकडे केली. आपला हंगाम दसऱ्याच्या मागेपुढे असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. दुकानात भिंत घालायचं ठरलं आहे. विटा दारात येऊन पडल्या आहेत, आणि दोन गाद्यांच्या मधोमध चुन्याची रेघ मारली आहे. ती माझ्या स्टुलाखालून जाते. दहावीला मी नापास झालो, तेव्हा अप्पांनी मला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. काकांनी हाताला धरून आत नेलं आणि ताडपत्री कशी कापायची, दोराला गाठ कुठली मारायची, हे शिकवलं. मी मुलगा अप्पांचा आणि शिकलेला काकांकडे. भिंत झाल्यावर मी कुठल्या बाजूला बसायचं, हे मला कुणी विचारलेलं नाही.

आणि या सगळ्यात तुम्हाला कुणी एक अक्षर बोलत नाही, याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. तुम्ही भाचे. मामांनी भाच्याच्या पाया पडायचं असतं, भाच्याला शिव्या कशा देणार? तुमच्या वाटणीच्या शिव्याही मीच खातो आहे, आणि दोन्ही गाद्यांकडून. तरी तुम्ही ताबडतोब दोघांचे फोटो काढून टाका आणि तिथे ताडपत्रीचा फोटो घाला. ताडपत्री रुसत नाही.

लहानांना आशीर्वाद देण्याइतका मी मोठा नाही, म्हणून बाळाला नुसता पापा.

तुमचा (सध्या नाइलाजाने),
वीरेश

ता. क. गवंडी पुढच्या बुधवारी येणार आहे. त्याच्या आत करा.

ता. क. २. फोटो काढू नका. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात अप्पांनी मला गोदामात बोलावून हळूच सांगितलं, "मृत्युंजयला कळव, सुंदरला वर ठेव म्हणावं. धाकटा हाय, त्याला लागतं. पण मी सांगितलं म्हणू नको." मी आनंदाने बाहेर आलो, तर काकांनी ड्रमांच्या मागे गाठलं. म्हणाले, "दादा थोरला हाय, त्यालाच वर ठिवायला सांग. माझं नाव घेशील तर याद राख." म्हणजे भांडण आहे तेवढंच आहे, फक्त उलटं झालं आहे. दोघांनीही मला गंगासागरआजीची शपथ घातली आहे, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही.

ता. क. ३. दादा, रागात काही जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. एकच विचारतो. अप्पांच्या मोबाईलवर काका वर, आणि काकांच्या मोबाईलवर अप्पा वर, असं करता येतं का? बाकीच्या गिऱ्हाइकांना काहीही दिसलं तरी चालेल.