दिलीपच्या गाडीत तेल कुणी ओतलं

११ ऑक्टोबर २००९, कोन
दिलीप फोनवर बोलला, "आये, तुझ्या त्या ड्रमानं माझ्या गाडीचं वाटोळं केलं." आणि ठेवला. रागात लिहायला बसले, पानावर श्री घालायचं राहिलं. आता जागा न्हाय.

एकुलता एक. ठाण्याला फ्लॅट घेतला तरी दर रविवारी जेवायला यायचा. आज पण बोंबलाचं कालवण केलेलं, तो आला न्हाय. शेवटी गोडाऊनच्या वॉचमनला हाक मारली. तो बोलतो, "अम्मा, हम मछली नहीं खाते." नुसता भात घेऊन गेला.

१२ ऑक्टोबर
ड्रम माझा कुठला? रीत यांची. टेम्पो घेतला तेव्हापासून दसऱ्याला पूजेआधी घरातल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनातलं जुनं तेल काढायचं, नवं ओतायचं, सगळ्यांना एकाच ड्रमातलं. आणि ओतायचं मालकानं, आपल्या हातानं. टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर, सगळे त्यावर चालले. हे गेले, शेतात गोडाऊनं उभी राहिली, तरी रीत चालू.

यंदा दिलीपची नवी पेट्रोल गाडी, टर्बोवाली. त्यानंच पँट दुमडली, त्यानंच ओतलं. मी बोलले पण, "अरे, हिला चालतं का हे?" तर बोलतो, "तेल ते तेल. बाबांचा ड्रम हाय." मी फक्त हळदकुंकू लावलं, आमचा ट्रकचा ड्रायव्हर नुसता बघत उभा. सूनबाई नाकाला रुमाल लावून लांब.

१३ ऑक्टोबर
फोन केला. उचलला संगीतानं. सूनबाईच उचलते हल्ली. "आई, हे मीटिंगमध्ये आहेत." सकाळी पण मीटिंगमध्ये होता. रात्रीच्या जेवणालाही मीटिंग असेल.

तिच्याकडून कळलं ते एवढं. दसऱ्यानंतर पुलावर चढताना बॉनेटखाली ठक् झालं, घण मारल्यासारखं. आणखी एकदोनदा झालं. यानं लक्ष दिलं न्हाय. मग गाडी थरथरायला लागली, उचलून वर्कशॉपला नेली. पिस्टन फुटला.

"दिवाळीला येताय ना?" विचारलं.
"बघू, आई. गाडी नाहीये ना."
एसटीनं माणसं येतात. फोन ठेवला.

घरात एवढ्या खोल्या. एका खोलीत टीव्ही लावते, दुसऱ्या खोलीत बसते. कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

१४ ऑक्टोबर
रिक्षा केली, वर्कशॉपला गेले. हायवेला, काचेचं हाय. टाय लावलेला इंजिनियर आला. "आजी, तुम्ही कशाला आलात?" मी बोलले, "गाडी आजारी हाय ना, बघायला आले. मोसंबी आणायची राहिली." हसला. पोरगा वाईट न्हाय.

पिस्टन दाखवला. कडेचा टवका उडालेला, भाकरीचा तुकडा मोडावा तसा.

त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. या इंजिनात पेट्रोल थेट आत फवारतात, टर्बो वरून हवा कोंबतो. थोडं तेल पिस्टनच्या कडेनं वर येतंच. त्याचा थेंब तापतो आणि ठिणगी पडायच्या आधीच आतला माल पेटतो. पिस्टन अजून वर येतोय, आणि वरून दणका. ट्रकच्या तेलात मळ धुवायचं औषध जास्त, त्यानं थेंब लवकर पेटत असावा, असं त्याला वाटतं. "खात्री नाही, आजी. कंपनीलाच अजून नीट कळलेलं नाही."

मी विचारलं, "म्हणजे तेलानंच?"
"नुसतं तेलानं नाही. गाडी हळू, गिअर वरचा, आणि पाय दाबून चढवायची, तेव्हाच हे होतं. साहेब असे चालवतात का?"

दिलीप असंच चालवतो. रिक्षाच्या चालीनं जाईल, पण गेर टॉपचा. पेट्रोल वाचतं म्हणे. यांनी टेम्पोवर शिकवलं ते डोक्यात बसलंय. गाडी पुलावर रडते, हा गेर उतरवत न्हाय. हे मी सांगितलं न्हाय.

मग तो खालच्या आवाजात बोलला, "वॉरंटीच्या अर्जात साहेबांनी लिहून दिलंय, त्यांना न विचारता आईंनी ड्रायव्हरकडून तेल टाकून घेतलं."

मी खुर्चीवर बसले. पाणी आणलं त्यानं. प्यायले न्हाय.

१५ ऑक्टोबर
जेवण केलं न्हाय. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा.

गाडीचं मला काय. दुसरी घेईल. पण कागदावर आईचं नाव घातलं. माझ्या तोंडावर बोलला असता तर चार शिव्या दिल्या असत्या, वर जेवायला वाढलं असतं.

आणि आता तो येणार कसा? खोटं लिहून आईसमोर जेवायला कसा बसेल? ड्रम नको, गाडी नको, हेच आतून खातंय.

संध्याकाळी वॉचमनला सांगून ड्रम भंगारवाल्याला द्यायला काढला. मग परत आत ठेवायला लावला. "अम्मा, मन पक्का कर लो पहले," बोलतो. माझ्या दारात बसून मलाच अक्कल.

१६ ऑक्टोबर
इंजिनियरचा फोन आला. साहेबांचं लिहिलेलं खरं का, कंपनीला सांगायचंय. "तुम्ही हो म्हणालात तर मी तसं कळवतो, आजी."

हो बोलले तर आयुष्यभर चोर मी. न्हाय बोलले तर माझा मुलगा खोटारडा, तेही परक्यांच्या कागदावर, माझ्या तोंडून.

मी बोलले, "दिवाळी होऊ दे. तोवर काही कळवू नको." तो हो बोलला.

लगेच ठाण्याला फोन लावला. संगीताच. तिला नीट सांगितलं, घाई न करता. वर्कशॉपचा माणूस विचारतोय, तेल कुणी ओतलं. मी उत्तर देणार न्हाय. तू द्यायचं न्हाय. ड्रायव्हरनं द्यायचं न्हाय. दिलीपनं द्यायचं, आणि आधी मला, इथं येऊन, माझ्यासमोर बसून.